प्रकरण अभ्यास: 'आत्ता काही करायचं नाही' हे वाक्य घरी पोहोचेपर्यंत

पार्श्वभूमी

मी रक्तविकार विभागाच्या ओपीडीत परिचारिका आहे. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना आजार समजावून सांगणं, उपचारांआधी त्यांची तयारी करून घेणं आणि महिन्यातून एकदा मदतगट भरवणं हे माझं काम. हे प्रकरण आमच्याच ओपीडीतलं आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रुग्ण ५७ वर्षांच्या बाई, पुस्तकबांधणीचं काम करणाऱ्या. घरी पती आणि नोकरी करणारी मुलगी. मानेच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून पाच महिने कोणी मनावर घेतलं नाही. आधी सुईने नमुना घेऊन तपासणी झाली, पण निदान पक्कं होईना. लिम्फोमात असं बऱ्याचदा होतं. सुईतून सुट्या पेशी येतात, पण गाठीच्या आतली रचना दिसत नाही, आणि प्रकार ठरवायला ती रचनाच बघावी लागते. काखेतही एक गाठ हाताला लागत होती. ती पूर्ण काढून बायोप्सीला पाठवली आणि उत्तर आलं: फॉलिक्युलर लिम्फोमा, ग्रेड १–२, म्हणजे मंद वाढणारा प्रकार.

पेट-सीटीत, म्हणजे आजार कुठे कुठे आहे ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, मानेत, काखेत आणि पोटात गाठी दिसल्या. सर्वांत मोठी गाठ मानेतली, २.८ सेंटीमीटरची. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे गाठी असल्यामुळे स्टेज तिसरी. रक्ताची मोजणी आणि एलडीएच (आजार वेगाने वाढत असेल तर रक्तात वाढणारं एक एन्झाइम) नॉर्मल, अस्थिमज्जेत आजार नाही. ताप नाही, रात्रीचा घाम नाही, वजन ६२ किलो. डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहून निर्णय दिला की सध्या औषध सुरू करायचं नाही, दर तीन महिन्यांनी तपासायचं.

वैद्यकीयदृष्ट्या हा निर्णय बरोबर होता. तेव्हाही मला तसंच वाटलं आणि आजही वाटतं.

अडचण कुठे झाली

त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आत्ता काही करायचं नाही." मुलीने घरी जाऊन मावशीला फोनवर सांगितलं, "आता काही करता येत नाही म्हणाले." हे मला साडेतीन महिन्यांनी कळलं, तेही मुलीकडूनच. ती खोटं बोलली नव्हती. 'कॅन्सर' आणि 'तिसरी स्टेज' हे दोन शब्द आधी कानावर पडले होते, त्यामुळे पुढचं वाक्य तिला तसंच ऐकू आलं. शिवाय समोर प्रिस्क्रिप्शन नव्हतं. होती ती फक्त पुढची तारीख लिहिलेली फाइल.

केमो सुरू होणाऱ्या प्रत्येक रुग्णासोबत मी तासभर बसते. ताप आला तर काय करायचं, केस कधी गळतात, कोणत्या दिवशी रक्त तपासायचं, फोन कोणाला करायचा, सगळं लिहून देते. या बाईंसोबत मी दहा मिनिटंही बसले नव्हते, कारण आमच्या यादीत त्यांना 'उपचार सुरू नाहीत' असं लिहिलेलं होतं.

तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा वजन ५५ किलो भरलं. मी काट्यावर दोनदा पाहिलं. अकरा टक्क्यांहून जास्त घट होती. सहा महिन्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त वजन उतरणं, ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाणारा ताप आणि अंथरूण भिजवणारा रात्रीचा घाम या तिन्हींना लिम्फोमात 'बी लक्षणं' म्हणतात. त्यातलं एखादं दिसलं तरी डॉक्टर उपचारांचा विचार करू लागतात. मुलगी म्हणाली, "रात्री घामही येतो आईला." म्हणजे कागदावर दोन लक्षणं झाली.

बाईंनी पर्समधून एक लांबट पाकीट काढलं आणि टेबलावर रिकामं केलं. बांधणीच्या जाड पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे होते, प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी चिकटवलेली. रोज सकाळी मानेच्या गाठीवरून दोरा धरायचा, टोकाशी कापायचा आणि ठेवून द्यायचा. सत्तरच्या वर तुकडे होते. त्यांनी पहिला आणि शेवटचा शेजारी शेजारी ठेवून मला दाखवले. शेवटचा पहिल्यापेक्षा जवळपास नखाएवढा जास्त लांब होता. "बघा सिस्टर, वाढतेय. आणि तुम्ही काही करत नाही."

मानेवरची त्या जागेची कातडी लाल होती, थोडी सुजलेली. बोलतानाही त्यांची दोन बोटं तिथेच होती.

समोरचे पर्याय

डॉक्टरांनी त्या दिवशी ओपीडी संपल्यावर आम्हा सगळ्यांना बसवलं. मुलगी आत होती, बाई आत होत्या. पती बाहेर बाकावर थांबले.

पहिला पर्याय रिटुक्सिमॅब (लिम्फोमाच्या पेशींना चिकटणारं अँटीबॉडी औषध) आणि बेंडामस्टिन (केमोचं औषध) लगेच सुरू करण्याचा. वजन आणि घाम पाहता कोणी त्यावर बोट ठेवलं नसतं. घरच्यांनाही तेच हवं होतं.

दुसरा पर्याय एकट्या रिटुक्सिमॅबचा. यावर आमच्यात बराच वेळ चर्चा झाली. लक्षणं नसलेल्या रुग्णांना रिटुक्सिमॅब द्यावं की वाट पाहावी, याची तुलना करणारा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तीन वर्षांनी वाट पाहणाऱ्या गटातल्या ४६ टक्के लोकांना नव्या उपचाराची गरज पडली नव्हती. रिटुक्सिमॅबचा लांबवलेला कोर्स घेतलेल्यांत हे प्रमाण ८८ टक्के होतं. आयुर्मानात मात्र फरक दिसला नाही. ज्यांना हा लांबवलेला कोर्स मिळाला त्यांना आजाराशी जुळवून घेणंही थोडं सोपं गेलं. म्हणजे मन शांत राहावं म्हणून औषध द्यायचं का, असा प्रश्न होता, आणि तो मला हलका वाटत नाही. काही रुग्णांसाठी त्याचं उत्तर 'हो' असू शकतं.

तिसरा पर्याय नव्याने बायोप्सी करण्याचा. फॉलिक्युलर लिम्फोमा कधीकधी रूप बदलतो आणि वेगाने वाढणारा होतो. दरवर्षी शंभरातल्या साधारण दोन-तीन रुग्णांत असं घडतं. झपाट्याने उतरलेलं वजन पाहून ही शंका येणं रास्त होतं.

चौथा पर्याय म्हणजे वजन का उतरलं ते आधी शोधायचं आणि सहा आठवडे थांबून पुन्हा स्कॅन करायचा.

बी लक्षणांच्या व्याख्येत 'दुसरं कारण न सापडलेली' वजनातली घट मोजतात, याकडे डॉक्टरांनी लक्ष वेधलं. आम्ही तर कारण विचारलंच नव्हतं.

मग विचारलं. कॅन्सरच्या पेशी साखरेवर जगतात, असं बाईंनी मोबाइलवर पाहिलं होतं. त्यांच्या पेट स्कॅनच्या आधी साखरेसारखाच पदार्थ टोचला होता आणि गाठी त्यामुळे चमकल्या होत्या, हे त्यांना तंत्रज्ञाने सांगितलं होतं. दोन गोष्टी त्यांनी जुळवल्या. आधी गोड बंद केलं, मग धान्य, मग जवळजवळ सगळंच. रात्री झोप येत नव्हती. "घामाने कपडे बदलावे लागतात का?" या प्रश्नावर मुलगी थांबली, आईकडे पाहिलं. कपडे कधीच बदलावे लागले नव्हते. दचकून जाग यायची आणि कपाळाला घाम असायचा.

डॉक्टरांनी सगळ्या गाठी पुन्हा तपासल्या. मानेतली गाठ कॅलिपरने (जाडी मोजायच्या चिमट्यासारख्या साधनाने) मोजली तर २.७ सेंटीमीटर. त्याच दिवशी पाठवलेल्या रक्तात मोजणी, एलडीएच, साखर आणि थायरॉइड, सगळं ठीक निघालं. एलडीएच वाढलेला नाही आणि कोणतीही गाठ मोठी झालेली नाही, म्हटल्यावर रूप बदलल्याची शंका बरीच मागे पडली. चौथा पर्याय ठरला, पण एका अटीवर: सहा आठवडे नुसते जाऊ द्यायचे नाहीत. आणि तोवर वजन आणखी उतरलं किंवा स्कॅनमध्ये काही बदललं, तर लगेच बायोप्सी.

काय केलं

पहिली बैठक दोऱ्यांवरच झाली. मी त्यांच्यासमोर कॅलिपर लावला आणि आकडा त्यांनाच वाचायला सांगितला. मग लाल झालेल्या कातडीबद्दल बोललो. रोज दाबल्यामुळे गाठीवरची कातडी आणि आजूबाजूचा भाग सुजला होता. दोरा मोजत होता ती सूज. त्यांनी लगेच मान्य केलं नाही. बांधणीच्या कामात मापं अचूक घेणाऱ्या बाई त्या, "माझं माप चुकत नाही" म्हणाल्या. मी म्हटलं, माप बरोबरच आहे, फक्त ते गाठीचं नाही. यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या.

ठरलं असं की गाठ महिन्यातून एकदाच तपासायची, एक तारखेला, बोटांच्या पेरांनी, न दाबता: मान, काख, जांघ. मधल्या दिवसांत हात लावायचा नाही. सर्दी, घसा किंवा दात दुखला तर आजूबाजूची गाठ तात्पुरती मोठी होऊ शकते, दोन आठवडे वाट पाहायची. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या गाठी कमीजास्त होतात, काहींच्या तर औषधाशिवायही लहान होतात. एका कार्डावर फोन कधी करायचा ते लिहिलं: एखादी गाठ भराभर वाढली, ३८ अंशांवर ताप टिकला, रात्री कपडे बदलावे लागले, खात असूनही वजन उतरत राहिलं, दम लागला, पाय किंवा पोट सुजलं, किंवा लघवी कमी झाली. कार्डाच्या मागे माझ्या कक्षाचा नंबर.

दुसऱ्या बैठकीत आहारतज्ज्ञ बाई होत्या. शरीरातली प्रत्येक पेशी साखर वापरते, मेंदू तर सर्वांत जास्त. स्कॅनमध्ये मेंदू, हृदय आणि मूत्राशयही चमकतं, ते त्यांच्याच स्कॅनच्या चित्रात दाखवलं. स्वतःचा मेंदू उजळलेला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. साखर सोडून गाठ उपाशी राहत नाही, आपण राहतो, आणि पुढे उपचार लागलेच तर ते झेपायला वजन हवं. एवढं त्यांना पटलं.

तिसरी बैठक सर्वांत कठीण गेली, कारण प्रश्न रास्त होता: "शेजारच्या काकांना आठवड्यात केमो सुरू केली. मग मलाच का थांबवता?" लिम्फोमा हा एक आजार नाही, साठांहून अधिक आजारांचं ते नाव आहे. काकांचा प्रकार वेगाने वाढणारा होता. तसा लिम्फोमा उपचारांनी पूर्ण बरा करण्याचा प्रयत्न असतो आणि तिथे उशीर महागात पडतो. फॉलिक्युलर मंद असतो, वर्षानुवर्षं सोबत राहतो. उपचारांनी गाठी विरघळतात, पण पसरलेला असेल तर पुढे कधीतरी परत येण्याची शक्यता राहते. प्रत्येक उपचार शरीराकडून काही घेतो, म्हणून तो गरज असेल तेव्हाच वापरायचा. तिसरी स्टेज म्हणजे घशाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरची तिसरी स्टेज नव्हे, हेही सांगितलं. फॉलिक्युलरचे बहुतेक रुग्ण निदान होताना तिसऱ्या किंवा चौथ्या स्टेजलाच असतात.

मुलीला आकडे हवे होते. मी २००३ सालच्या ब्रिटिश अभ्यासाबद्दल सांगितलं. लक्षणं नसलेले ३०९ रुग्ण. काहींना लगेच क्लोरॅम्ब्युसिल या केमोच्या गोळ्या, काहींना गरज पडेपर्यंत काहीच नाही. दीर्घकाळ पाठपुरावा केला, आयुर्मानात फरक पडला नाही. मुलीने विचारलं, "पण तेव्हा रिटुक्सिमॅब नव्हतं ना त्या अभ्यासात?" बरोबर होतं. मग २०१४ च्या अभ्यासाचे ४६ आणि ८८ हे आकडे तिच्यापुढे ठेवले आणि सांगितलं की हा मार्ग तुमच्यासाठी खुला आहे, बंद केलेला नाही. आईला वाट पाहणं झेपलं नाही तर त्यावर पुन्हा बोलू. मला वाटतं, हे वाक्य ऐकल्यावर दोघींचा ताण सैल झाला. आपण अडकलेलो नाही, हे त्यांना दिसलं.

दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन करा, हा मुलीचा आग्रह डॉक्टरांनी मानला नाही. लक्षणं नसताना वारंवार स्कॅन केल्याने फायदा होतो असं दिसलेलं नाही. किरणोत्सर्ग मात्र साठत जातो, आणि प्रत्येक स्कॅनच्या आधीचे दहा दिवस घर श्वास रोखून बसतं. तपासणी आणि रक्त पुरेसं, स्कॅन गरजेप्रमाणे.

या काळात आमच्याकडून एक चूक झाली. मी त्यांना मदतगटाला बोलावलं. गटातले अकरापैकी अकरा जण केमोवर होते. एकाने आपुलकीने विचारलं, "तुमची केमोची कितवी सायकल?" बाई म्हणाल्या, "अजून नाही." "नशीबवान आहात." त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत आणि पुढच्या महिन्यात आल्याही नाहीत. फोन केला तेव्हा म्हणाल्या, "मी तिथे खोटी वाटते सिस्टर. माझे केस आहेत."

मग आमच्याच एका जुन्या रुग्णाची परवानगी घेतली. सहा वर्षं औषधाविना तपासणीवर असलेले गृहस्थ. त्यांना एवढंच सांगितलं की औषधांबद्दल सल्ला द्यायचा नाही, आपलं कसं चाललं ते सांगायचं. दोघांचं आठवड्यातून एकदा फोनवर बोलणं सुरू झालं. काय बोलायचे ते मी कधी विचारलं नाही. बाईंनी एकदा आपणहून सांगितलं की त्या गृहस्थांना तपासणीच्या आदल्या रात्री अजूनही झोप येत नाही, आणि हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं.

पुढे काय झालं

सहा आठवड्यांनी वजन ५७.५ किलो. स्कॅनमध्ये गाठी जागच्या जागी, तेवढ्याच. सहाव्या महिन्यापर्यंत वजन ६० वर आलं आणि बाई कामावर परतल्या. वाट पाहण्याच्या काळात फ्लू आणि न्यूमोकोकसच्या (न्यूमोनिया करणाऱ्या जंतूच्या) लसी देऊन घेतल्या, कारण रिटुक्सिमॅब घेतल्यावर निदान सहा महिने तरी लसींना शरीर नीट प्रतिसाद देत नाही.

निदानापासून जवळजवळ तीन वर्षांनी त्यांचा फोन आला. एक तारीख होती. मानेत, जांघेत काही नवीन नव्हतं, पण पाठीत एका बाजूला जडपणा होता आणि लघवी कमी होत होती. कार्डावरची एक ओळ त्यांनी मला वाचून दाखवली. सोनोग्राफीत पोटातल्या गाठी मूत्रवाहिनीवर दाबत असल्याचं दिसलं. आता थांबण्याचं कारण नव्हतं. आधी पोटातल्या गाठीची बायोप्सी केली. रूप बदललेलं नव्हतं. हिपॅटायटिस बीची तपासणी केली, कारण जुना संसर्ग दडलेला असेल तर रिटुक्सिमॅबने तो पुन्हा उसळू शकतो. ती निगेटिव्ह आली. मग रिटुक्सिमॅब आणि बेंडामस्टिन, २८ दिवसांच्या सहा सायकल. पहिल्या ड्रिपच्या वेळी थंडी वाजून आली. ड्रिप थांबवली, औषध दिलं, वेग कमी करून पुन्हा सुरू केली. शेवटच्या पेट स्कॅनमध्ये गाठी दिसल्या नाहीत.

तिसऱ्या सायकलच्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "आधीच दिलं असतं तर हे टळलं असतं का?" डॉक्टर म्हणाले, कदाचित ही वेळ पुढे गेली असती. तुमचं आयुष्य त्याने वाढलं असतं, असं मला म्हणता येत नाही. बाईंनी मान हलवली. त्या उत्तराने समाधान झालं की नाही ते मला कळलं नाही, पण उत्तर खरं होतं.

आता वेगळं काय करू

निदानाच्या दिवशीच बसायला हवं होतं. आता आमच्या यादीत 'उपचार सुरू नाहीत' हा रकाना नाही, 'निरीक्षण सुरू' असा आहे, आणि त्या रुग्णांनाही केमोच्या रुग्णांएवढाच वेळ दिला जातो. डॉक्टरांची खोली सोडण्यापूर्वी मी घरच्यांना विचारते, "घरी गेल्यावर पहिला फोन कोणाला कराल आणि त्यांना काय सांगाल? मला सांगून बघा." त्यांच्या तोंडून जे वाक्य निघतं, त्यावरून कुठे थांबून पुन्हा समजवायचं ते कळतं. तीन महिन्यांची पहिली तारीख देतानाच मधे दोन आठवड्यांनी माझा फोन ठरवून टाकते. या बाईंना तो फोन गेला असता तर सात किलो उतरले नसते, असं मला वाटतं.

डॉक्टरांनीही वाक्य बदललं आहे. ते आता म्हणतात, "उपचार आहेत, चांगले आहेत, आणि तुम्हाला ते आज लागत नाहीत." उपचार आहेत, हे आधी.

निरीक्षणावरच्या लोकांसाठी वेगळा छोटा गट सुरू केला. सध्या सहा जण आहेत.

वजनाच्या बाबतीत आम्ही थोडक्यात वाचलो. त्या दिवशी ओपीडीत गर्दी जास्त असती, किंवा डॉक्टरांनी कारण शोधायला लावलं नसतं, तर उपासमारीला बी लक्षण समजून केमो सुरू झाली असती आणि आम्ही कधीच काही विचारलं नसतं. म्हणून वजन उतरलेल्या प्रत्येकाला आता काय खाता, काय सोडलं आणि का सोडलं, हे तिन्ही प्रश्न काट्यापाशीच विचारते.

एक गोष्ट अजून राहिली आहे. या सबंध काळात पती प्रत्येक तपासणीला आले, आणि प्रत्येक वेळी बाहेर बाकावर बसले. सहा सायकलमध्ये ते पाण्याची बाटली आणि शाल देऊन बाहेर जायचे. त्यांना काय समजलं आहे, कशाची भीती वाटते, हे आम्ही कोणीच विचारलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही, आणि आम्ही त्यालाच उत्तर समजत राहिलो. पुढची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. या वेळी मी बाहेर जाऊन त्यांना आत बोलावणार आहे.